चेहऱ्याचे माप आणि बिनतपासणीचा काटा

पारा मिसळलेली सौंदर्यप्रसाधने २०२५ नंतर कोणी बनवू नयेत, आयात करू नयेत आणि निर्यातही करू नयेत, असा निर्णय मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हा येथे घेतला. भारत २०१८ पासून या कराराचा सदस्य आहे. ज्या वर्षी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, त्या वर्षी असली बातमी मागे पडावी हे स्वाभाविकच होते. परंतु विज्ञानाच्या बातम्या केवळ आकाशातूनच येतात असे नाही. काही बातम्या आपल्या घरातील आरशासमोरच्या फळीवरून येतात आणि त्यांचे मोल देशाच्या प्रतिष्ठेत नव्हे, तर शरीराच्या अवयवांत मोजावे लागते.

केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथे एका रुग्णालयातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. या विकारात रक्त गाळणारे सूक्ष्म पडदे जाड होतात, लघवीवाटे प्रथिने वाहून जातात आणि अंगावर सूज येते. या २२ पैकी १५ रुग्णांत या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी आजारापूर्वी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. ‘किडनी इंटरनॅशनल’ या प्रतिष्ठित नियतकालिकाने हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, २०२३ मध्ये, आपल्या अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे आणि त्यांनी वापरलेल्या क्रीममध्ये पारा आढळल्याचे वृत्त मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या संदर्भाने वृत्तपत्रांत आले.

वैद्यकीय शोधनिबंध मूत्रपिंडापासून सुरू होतो आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्याच्या एक पायरी आधी जायचे आहे. ती डबी हातात घेण्यापूर्वी माणूस आपल्याच चेहऱ्याला नापास ठरवतो. हा निकाल तो कोणत्या पुराव्यावर देतो? आजच्या तरुण पिढीपुरते बोलायचे, तर बहुतेक वेळा हातातील फोनने दाखवलेल्या चित्राच्या आधारे. माझे शिक्षण भौतिकशास्त्रातले आणि रोजचे काम मोजमापाचे. म्हणून सौंदर्याच्या या प्रश्नाकडे मी मोजमापाचा प्रश्न म्हणून पाहू इच्छितो. माझे म्हणणे थोडक्यात असे: समाजमाध्यमांवरील प्रतिमा हे आपल्या चेहऱ्याचे वर्णन नसून एका सदोष उपकरणाचे वाचन आहे. आणि उपकरणातील दोष आपण स्वतःच्या शरीरातील दोष समजून दुरुस्त करायला निघालो आहोत.

शाळेत व्हर्निअर कॅलिपर ज्यांनी हाताळला असेल त्यांना आठवेल की, मोजमापाआधी त्याचे दोन्ही जबडे मिटवून पाहायचे असतात. मिटलेल्या स्थितीत शून्यासमोर शून्य आले नाही, तर तेवढी शून्य त्रुटी प्रत्येक वाचनातून वजा करावी लागते. प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की त्याचे पहिले काही दिवस उपकरण प्रमाण मापाशी ताडून पाहण्यात जातात. तोवर त्याने घेतलेल्या एकाही आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. वाण्याच्या दुकानातील काट्यावरसुद्धा वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. देशाचा प्रमाण किलोग्रॅम, क्रमांक ५७, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जपून ठेवलेला आहे. पाव किलो साखरेत फसवणूक होऊ नये म्हणून आपण एवढी व्यवस्था उभी केली. पण ज्या काट्यावर कोट्यवधी मुले-मुली दिवसातून अनेकदा स्वतःला तोलतात, त्याची शून्य त्रुटी तपासणारे खाते कुठेही नाही.

ही त्रुटी एकूण तीन जागी दडलेली आहे: भिंगासमोरच्या अंतरात, चित्रावर होणाऱ्या प्रक्रियेत आणि चित्रांची निवड करणाऱ्या यंत्रणेत. एकेक पाहू.

पहिली त्रुटी निव्वळ भूमितीची आहे. सेल्फी हाताच्या अंतरावरून, आणि कोपर वाकवला तर सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढली जाते. नाकाचे टोक आणि कान यांच्यातील खोलीचे अंतर ढोबळमानाने १२ सेंटिमीटर धरा. म्हणजे कॅमेऱ्यापासून नाक ३० सेंटिमीटरवर, तर कान ४२ सेंटिमीटरवर. जवळची वस्तू मोठी दिसते, या साध्या नियमाने कानांच्या प्रतलातील रुंदीच्या तुलनेत नाक ४२ भागिले ३०, म्हणजे १.४ पट मोठे उमटते. आता हाच फोटो समोरच्या माणसाने दीड मीटरवरून काढला, तर हे गुणोत्तर १६२ भागिले १५०, म्हणजे १.०८ इतकेच राहते. १.४ ला १.०८ ने भागले की उत्तर येते सुमारे १.३०. नाक एका मिलिमीटरनेही न वाढता चित्रात ३० टक्के रुंद झाले. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी चेहऱ्याच्या गणिती प्रतिकृतीवरून हाच हिशेब अधिक काटेकोरपणे केला, तेव्हा त्यांचेही उत्तर ३० टक्क्यांच्या आसपास आले. या हिशेबाला महत्त्व का, तर त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना विचारले असता ५५ टक्के सर्जनांनी सांगितले होते की, सेल्फीत अधिक चांगले दिसावे म्हणून शस्त्रक्रिया मागणारे लोक त्यांच्याकडे येतात. हात लांब करून सुटणारा प्रश्न माणसे शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेत आहेत.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण दुसऱ्याला हिणवण्यासाठी वापरतो. इथे मात्र अंगण खरोखरच वाकडे आहे आणि नाचणारी मुलगी बिचारी आपल्याच पायांना दोष देत बसली आहे.

याच जागी आणखी एक बारीकशी गोष्ट. आरशात आपण डावे-उजवे उलटलेले स्वतःला पाहतो आणि जन्मभर त्याच रूपाची सवय झालेली असते. १९७७ साली मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या एका छोट्या प्रयोगात स्त्रियांना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटवलेला. स्वतःला उलटा अधिक पसंत पडला, तर त्यांच्या निकटवर्तीयांना सरळ. कारण ज्याने त्याने ओळखीचे रूप निवडले. म्हणून फोटोत ‘काहीतरी चुकले आहे’ असे वाटते तेव्हा ते बहुधा चेहऱ्याविषयी नसून केवळ अपरिचयाविषयी असते.

दुसरी त्रुटी प्रक्रियेची. फोनचा कॅमेरा प्रकाश टिपतो आणि मग त्यावर काम करतो. कोणत्या फरकांना ‘तपशील’ मानायचे आणि कोणत्यांना ‘डाग’, हे त्या कामात ठरते. चेहरा गुळगुळीत करणारी प्रणाली ही तत्त्वतः एक चाळणी आहे. चित्रातील सावकाश होणारे बदल, म्हणजे गालांची गोलाई आणि कपाळाचा उतार, ती जाऊ देते. थोड्या अंतरात झपाट्याने होणारे बदल, म्हणजे त्वचेची रंध्रे, बारीक सुरकुत्या आणि मुरमांच्या खुणा, ती अडवते. डोळे आणि ओठ यांच्या कडा तेवढ्या सांभाळून ठेवते. परिणामी जी त्वचा दिसते ती कोणत्याही जिवंत माणसाची नसते, कारण रंध्रे नसलेल्या त्वचेतून घाम येऊ शकत नाही. अशा त्वचेला आपण ‘निरोगी’ म्हणू लागलो, हे भाषेचेही अपयश आहे.

रंगाच्या बाबतीत या त्रुटीला मोठा इतिहास आहे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे नमुनाचित्र पाठवत असे. ते ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखले जाई. तिची त्वचा नीट उमटली म्हणजे यंत्र बरोबर, हा नियम. गडद त्वचेच्या माणसांचे चेहरे त्यात काळ्या ठिपक्यांसारखे उमटत आणि बारकावे हरवत. फिल्म सुधारण्यामागे मोठा रेटा लावला तो लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांनी, कारण जाहिरातीत त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा वेगळ्या दिसत नव्हत्या. माणसांच्या तपकिरी छटांसाठी तेवढी घाई कोणाला नव्हती. डिजिटल युग आले तरी वारसा पुरता संपला नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक संगणकप्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत सर्वाधिक चूक ०.८ टक्के होती, तर गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. ज्या देशात गव्हाळ, निमगोरा, सावळा आणि काळासावळा अशी रंगांची अख्खी बाराखडी बोलीत आहे, त्या देशाने ही आकडेवारी दुसऱ्याची म्हणून सोडून देऊ नये.

या बाराखडीमागचे विज्ञान आपल्याच देशात तपासले गेले आहे. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१३ साली दाखवले की, त्वचा उजळ करणारा एका जनुकाचा बदल दक्षिण आशियाई आणि युरोपीय लोकांत एकाच मूळ पूर्वजाकडून आलेला आहे आणि भारतातील निरनिराळ्या समूहांत तो कमी-अधिक प्रमाणात पसरलेला आहे. त्वचेत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कशा प्रकारचे मेलॅनिन बनवतात, एवढाच. हे मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांना शोषून घेते. उष्ण कटिबंधात ती छत्री आहे. अर्थात वर्ण म्हणजे आपल्या पूर्वजांच्या भटकंतीचा आणि त्यांच्या डोक्यावरील सूर्याचा लेखाजोखा होय. तो उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवण्याचा विषय नव्हे.

तिसरी त्रुटी निवडीची, आणि सर्वांत प्रभावी तीच. सार्वजनिक कार्यक्रमात माईक चुकून ध्वनिवर्धकासमोर आला की कर्णकर्कश शिट्टी वाजते, हा अनुभव सर्वांचा आहे. ध्वनिवर्धकातून आलेला बारीकसा आवाज माईक पकडतो, तो मोठा होऊन पुन्हा बाहेर पडतो, पुन्हा पकडला जातो, आणि क्षणार्धात एकच सूर साऱ्या सभागृहाचा ताबा घेतो. त्या शिट्टीचा सूर बोलणाऱ्याच्या गळ्यावर अवलंबून नसतो. माईक आणि ध्वनिवर्धक यांच्यातील अंतर आणि त्या यंत्रणेची घडण यांवर तो ठरतो. वक्ता कोणीही असो, शिट्टी तीच.

समाजमाध्यमांचे अॅल्गोरिदम याच धर्तीवर चालते. ज्या चित्रावर बोट क्षणभर अधिक थांबले ते अधिक लोकांना दाखवले जाते. अधिक लोकांनी पाहिले म्हणून तशीच चित्रे आणखी काढली जातात, आणि ती आणखी दाखवली जातात. सुरुवातीचा कल कितीही सूक्ष्म असला, तरी या फेऱ्यांत तो फुगत जातो. शेवटी उरतो तो एकच चेहरा: निमुळती हनुवटी, बारीक नाक, मोठे डोळे, फुगीर ओठ आणि रंध्रहीन उजळ त्वचा. हा चेहरा मुंबईच्या मुलीलाही तोच, इम्फाळच्या मुलीलाही तोच आणि मदुराईच्या मुलीलाही तोच. मुलांसाठीही त्याची जोड तयार आहेच: कोरीव पोट आणि रुंद खांदे. बारा-तेरा वर्षांची मुले आता व्यायामशाळेच्या फीविषयी आणि प्रथिनांच्या डब्यांविषयी बोलू लागली आहेत. माणसांच्या आवडीनिवडी हळूहळू जुळत गेल्या म्हणून हा एकच चेहरा उरला, असे काहींना वाटते. मला तो यंत्रणेचा सूर वाटतो. शिट्टीला आपण संगीत समजत आहोत.

इथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. गोऱ्या रंगाचा सोस फोनच्या आधीपासून आहे. विवाहविषयक जाहिरातींतील ‘गोरी, सडपातळ’ ही अट आपल्या आजोबांच्या काळापासून छापली जात आहे. भारतातील सर्वांत प्रसिद्ध गोरेपणाची क्रीम १९७५ साली बाजारात आली, तेव्हा घरोघरी दूरध्वनीसुद्धा नव्हता. २०२० साली तिच्या नावातून गोरेपणा दर्शवणारा शब्द गळला, पण मागणी गळली नाही. मग सगळे खापर समाजमाध्यमांवर का?

खापर सगळे नाहीच. पण जुन्या पूर्वग्रहात आणि नव्या यंत्रणेत एक मूलभूत भेद आहे. पूर्वी तुलना होती ती नटीशी किंवा शेजारच्या मुलीशी. ती दुसरी व्यक्ती आहे हे मनाला ठाऊक असे. स्टुडिओतील छायाचित्रकार निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मुरूम झाकत असे, तेव्हाही ‘जरा नीट करून द्या हो’ हे आपणच सांगितलेले असे. आता तुलना आहे ती स्वतःच्याच सुधारित आवृत्तीशी. फिल्टर चालू असताना पडद्यावर जो चेहरा हलतो, हसतो आणि डोळे मिचकावतो, तो आपलाच असतो. फिल्टर बंद केला की उरलेला चेहरा त्याचा बिघडलेला नमुना वाटू लागतो. शिवाय अनेक फोनमध्ये ही सुधारणा न मागता, मुळातच चालू ठेवलेली असते. २०२० साली गूगलने जाहीर केले की, यापुढे आपल्या नव्या फोनमध्ये ती आपोआप चालू राहणार नाही आणि तिच्या बटणांना ‘सौंदर्य’ असे मूल्यवाचक नाव असणार नाही. एका मोठ्या कंपनीला हे पाऊल उचलावेसे वाटले, यातच प्रश्नाची कबुली आहे.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. समाजमाध्यमे आणि शरीराविषयीची नाराजी एकत्र आढळली म्हणून पहिल्यामुळे दुसरी घडते, हे सिद्ध होत नाही. बरोबर आहे. मुळात नाराज असलेली व्यक्तीच फोनमध्ये अधिक वेळ घालवत असेल, हेही शक्य आहे. म्हणूनच प्रयोगांकडे पाहावे लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका प्रयोगात भावनिक ताणाची लक्षणे असलेल्या २२० तरुण विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाला तीन आठवडे समाजमाध्यमे दिवसाला एक तासापुरती मर्यादित ठेवण्यास सांगितले. त्या गटाचे स्वतःच्या दिसण्याविषयी आणि वजनाविषयी मत सुधारले, तर दुसऱ्या गटाचे होते तिथेच राहिले. औषधाच्या चाचणीसारखी ही रचना असल्यामुळे कारण आणि परिणाम यांची दिशा तिच्यातून अधिक स्पष्ट दिसते.

त्याही आधीचा एक दाखला फिजी बेटांवरचा आहे. तेथील एका प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली तेथील मूळ फिजियन किशोरींच्या खाण्याच्या सवयी तपासल्या. धष्टपुष्ट देहाचे कौतुक करणाऱ्या त्या समाजात खाण्याविषयीच्या विकृत वृत्तीचे प्रमाण तीन वर्षांत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पूर्वी नव्हती. नंतर ते प्रमाण ११.३ टक्के झाले. हे सारे घडवले ते एका एकमार्गी, ठरावीक वेळी चालणाऱ्या पडद्याने. आजचा पडदा उशाशी असतो आणि तो पाहणाऱ्याकडे परत पाहत असतो. खुद्द इन्स्टाग्रामच्या मूळ कंपनीच्या अंतर्गत पाहणीत, आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे अधिकच वाईट वाटल्याचे सांगितले होते. ही कागदपत्रे २०२१ साली बाहेर आली, ती कंपनीने स्वतःहून प्रसिद्ध केलेली नव्हती.

आता पुन्हा पाऱ्याकडे येऊ, कारण मनातील शून्य त्रुटी शरीरात उतरते ती इथे. मेलॅनिन बनवण्यासाठी पेशींना एक विकर लागते आणि त्या विकराच्या गाभ्यात तांबे असते. पाऱ्याचे क्षार त्या विकराच्या कामात अडथळा आणतात, त्यामुळे रंगद्रव्य कमी बनते आणि त्वचा काही आठवड्यांत उजळते. परिणाम खरा दिसतो, हीच यातील भीषण बाब आहे. दरम्यान पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात साठत जातो. त्याला वास नाही, क्रीमच्या पांढऱ्या रंगात तो दिसतही नाही. त्याची वाफ होते, हातावरून तो उशीला आणि टॉवेलला लागतो आणि क्रीम न लावणाऱ्या लहान मुलांपर्यंतही पोहोचू शकतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांचा अपवाद सोडता, नकळत मिसळलेला पारासुद्धा दशलक्षात एक भागापेक्षा जास्त असता कामा नये. कायदा आहे. परंतु नावगाव नसलेल्या डब्या कायद्याचे पुस्तक वाचत नाहीत, आणि त्यांची शिफारस करणारे अर्ध्या मिनिटाचे चित्रफितीचे तुकडेही नाही.

पाऱ्याचा एक जोडीदारही आहे: स्टिरॉइड असलेली मलमे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोरेपणासाठी ती महिनोन्महिने चोळल्याने चेहरा लाल, पातळ आणि केसाळ होतो. या अवस्थेला स्वतंत्र वैद्यकीय नाव द्यावे लागले आणि ते देण्यात भारतीय त्वचारोगतज्ज्ञांचाच पुढाकार होता. २०१८ साली सरकारने अशी १४ मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. तरीही ‘पाच दिवसांत उजळपणा’ हा शब्दप्रयोग कोणत्याही समाजमाध्यमावर शोधून पाहा.

उपाय काय? ‘स्वतःवर प्रेम करा’ हा सल्ला चांगला असला तरी तो सदोष काट्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर टाकतो. काटा दुरुस्त करणे हे पहिले काम. नॉर्वेने २०२२ पासून जाहिरातींतील शरीराचा आकार, मापे किंवा त्वचा बदललेल्या चित्रांवर तशी स्पष्ट खूण सक्तीची केली आहे. फ्रान्सने जाहिरातींतील देहाची जाडी बदललेल्या छायाचित्रांसाठी असा नियम २०१७ पासूनच लागू केला. आपल्याकडे २०२३ साली ग्राहक व्यवहार खात्याने पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यांना तसे जाहीर करणे बंधनकारक केले. त्याच नियमांत चेहरा बदलल्याची खूणही घालता येईल. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये चेहरा सुधारणारी प्रक्रिया मुळात बंद असावी आणि ज्याला हवी त्याने ती जाणीवपूर्वक चालू करावी, एवढा साधा नियम करायला कोणते नवे संशोधन लागत नाही. गोरेपणाच्या फसव्या जाहिरातींना शिक्षा सुचवणारे दुरुस्ती विधेयक फेब्रुवारी २०२० मध्ये मसुदा म्हणून मांडले गेले होते. त्याला पुन्हा हात घालण्याची वेळ आली आहे.

दुसरे काम प्रयोगशाळांचे. क्रीममधील पारा शोधण्यासाठी क्ष-किरणांवर चालणारे, हातात मावणारे उपकरण उपलब्ध आहे. नमुन्यावर किरण टाकले की पाऱ्याचे अणू आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत पाठवतात आणि काही मिनिटांत उत्तर मिळते. देशभरातील विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत अशी उपकरणे आहेत. आठवड्यातील एक दुपार आसपासच्या लोकांनी आणलेल्या डब्या तपासण्यासाठी दिली, तर विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचा तो भाषणांपेक्षा चांगला मार्ग ठरेल.

तिसरे काम शाळांचे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. नववी-दहावीच्या प्रकाशाच्या धड्याला एक प्रयोग जोडावा. मित्राचा फोटो ३० सेंटिमीटरवरून आणि मग दीड मीटरवरून काढायचा, दोन्ही चित्रांत नाकाची आणि चेहऱ्याची रुंदी पट्टीने मोजायची आणि गुणोत्तर वहीत लिहायचे. फिल्टर लावून आणि काढून तेच पुन्हा करायचे. ज्या मुलीने आपल्या हाताने ही त्रुटी मोजली आहे, तिला फोनचा शब्द वेदवाक्य वाटणार नाही. तुमच्या घरात कोणी चौदा-पंधरा वर्षांचे असेल, तर शाळेची वाट न पाहता येत्या रविवारी हे करून पाहा.

शेवटी एक निकडीची गोष्ट, कारण वाचणाऱ्यांपैकी एखाद्याच्या घरात ती डबी असू शकते. जिच्यावर उत्पादकाचे पूर्ण नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, अशी क्रीम आजच बंद करावी. कचऱ्यात टाकू नये, झाकण घट्ट लावून पिशवीत बांधून ठेवावी. पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज येत असेल, लघवीला सतत फेस येत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना ती डबी सोबत न्यावी आणि ‘मी ही लावत होते’ किंवा ‘लावत होतो’ हे न लाजता सांगावे. लघवीतील प्रथिनांची तपासणी साधी आणि स्वस्त असते. कोट्टक्कलच्या अभ्यासातील आश्वासक भाग हाच आहे की, क्रीम थांबवल्यावर बहुतेक रुग्णांचा विकार ओसरला. डॉक्टरांना कारण कळले म्हणून ते शक्य झाले, आणि कारण कळले ते रुग्णांनी सांगितले म्हणून. तेव्हा ही पोस्ट पुढे पाठवायची असेल, तर आधी त्या मुलीला किंवा मुलाला पाठवा, जो फोटो काढताना नेहमी मागच्या रांगेत उभा राहतो.